डाव्या हाताचे टाके

मुलांनो, कल्पना करा, तुम्ही मन लावून काही केलंत, शाबासकीही मिळाली, आणि मग कळलं की ते तुमचं नव्हतंच.

मावशीकडे शिवण शिकणाऱ्या डावखुऱ्या भाचीचं तसंच झालं. आदल्या दिवशी तिने एका झग्याची खालची कड दुमडून हाताने टाके घातले होते. सकाळी मावशी म्हणाली, "बघ, बसला की नाही हात?"

भाचीने हरखून कड उलटली. तिचे टाके नेहमी डावीकडे झुकत. हे सगळे उजवीकडे झुकलेले होते.

"मावशी, तू माझे टाके उसवलेस."

"वेडेवाकडे होते गं. तू हिरमुसशील म्हणून बोलले नाही. याआधीही असंच करत आले."

"मग मी काय नुसती शाबासकी झेलायला येते? मला शिकायचंय."

मावशीने झगा भाचीपुढे सरकवला. "कुठे चुकतं ते सांगेन. हात लावणार नाही."

भाचीने मावशीचे सुबक टाके एकेक करून उसवले आणि डाव्या हातात सुई धरली.