अर्धा कप अजून

बाबांना जाऊन वर्ष होत आलं आणि निवडणुकीच्या धामधुमीत त्यांचा चेहरा घरोघरी पोहोचला. उमेदवार म्हणून नव्हे. जन्मभर बस डेपोत वेळापत्रक सांभाळणाऱ्याला कोण तिकीट देणार? चेहरा पोहोचला तो मीम म्हणून.

फोटो लेकीनेच काढलेला. हातात कप, एक भुवई वर, ओठ मुडपलेले, डोळ्यांत पाणी. तिने तो आठवण म्हणून घरच्या ग्रुपवर टाकला. आतेभावाने त्यावर ‘रस्ते चकाचक झाले म्हणे’ असं लिहून पुढे ढकलला आणि मग तो कुणाच्याच हातात राहिला नाही. सत्ताधाऱ्यांनी बाबांना विरोधकांवर हसवलं, विरोधकांनी सत्ताधाऱ्यांवर. जो उठतो तो आपलं म्हणणं बाबांच्या तोंडी घालतो! तिने आतेभावाला फोनवर चांगलंच फैलावर घेतलं. तो बिचारा माफी मागून मोकळा झाला, पण सुटलेला फोटो काही परत येईना.

तिला खरी धास्ती आईची होती. बाबा रोज सकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचत, प्रत्येक बातमीवर शेरा मारत आणि आई स्वयंपाकघरातून तो शेरा खोडून काढी. चहा निवून जाई, वाद निवत नसे. ते दिवस आठवले की लेकीला अजून घर भरल्यासारखं वाटे. आता सरकार येवो की जावो, त्या घरात कुणी चकार शब्द काढत नव्हतं. आई वर्तमानपत्र घेई आणि घडी न मोडता टीपॉयवर ठेवून देई. अशात नवऱ्याची चाललेली थट्टा पाहिली तर ती पार खचेल, म्हणून लेक काही ना काही निमित्त काढून आईचा मोबाइल आपल्याकडेच ठेवायची.

निकालाच्या दिवशी शेजारीणबाईंनी घात केला. हसत हसत आल्या आणि स्वतःचा मोबाइलच आईच्या हातात दिला.

आईने चष्मा लावला. एक मीम पाहिलं, मग दुसरं, मग तिसरं.

“हे असं कधीच बोलले नसते,” ती म्हणाली.

लेक घाईघाईने सांगू लागली की काढून टाकायचे प्रयत्न चाललेत.

“काढायचं कशाला? चुकीचं लिहिलंय, एवढंच. तू हा फोटो काढलास त्या दिवशी मी चहात साखरेऐवजी मीठ घातलं होतं. काय म्हणाले होते, आठवतंय ना?”

लेकीला आठवलं. बाबांनी तो घोट कसाबसा गिळला होता, समोर उभ्या आईकडे पाहिलं होतं आणि कप पुढे केला होता.

टीव्हीवर तोच पक्ष, तेच मंत्री पुन्हा निवडून आल्याचा जल्लोष चालला होता. लेकीने मूळ फोटो शोधला, वर ‘आजचा निकाल’ असं लिहिलं आणि खाली बाबांचे शब्द, जसेच्या तसे:

‘छान झालाय. अर्धा कप अजून दे.’

आई ते वाचून पदराने डोळे पुसेपर्यंत हसली. लेकीने ते घरच्या ग्रुपवर टाकलं आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजूंचे लोक ते एकमेकांना पाठवत होते.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र आलं. आईने घडी मोडली, ते लेकीच्या हातात दिलं आणि चहा टाकायला आत गेली.

“मोठ्याने वाच,” आतून आवाज आला. “आणि साखरेचा डबा कुठला, ते आधी सांग.”