डबल बेल

त्या दोन काळ्या टोप्या, ज्वारीच्या दाण्याहून थोड्या मोठ्या, तिच्या घामेजल्या तळहाताला चिकटून बसल्या होत्या. झटकल्या तरी पडत नव्हत्या... वैभवीने त्या मघाशीच बोर्डावरच्या पिनांवरून उपटल्या होत्या. शिकण्यासाठी घेतलेला तो वीतभर बोर्ड : वरच्या टोकाला लॅपटॉपला जोडलेला, चिपच्या आतले वाचणारा तपासनीस, आणि खाली त्याची स्वतःची चिप. टोप्या आहेत तोवर तपासनीस घरच्या चिपशीच बोलतो. टोप्या काढल्या की त्याचे घर सुटते. मग तारा लावून त्याला कोणत्याही परक्या चिपच्या दारात उभे करावे, तिकडचे बोलणे तो यूएसबीतून इकडे आणून देतो... लेकीने सासरचा निरोप माहेरी आणावा तसा, असे काहीसे तिच्या मनात आले आणि लगेच विरले, कारण समोर डब्बी होती.

बाबांची डब्बी. सकाळी ती खाटेवरून पडली. तिचे यूएसबीचे तोंड उखडून आले, आणि आता कोणतेही बटण दाबले तरी आतून नुसती खरखर.

ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात तिने बाबांना समोर बसवून डब्बीच्या एकेका बटणासाठी एकेक वाक्य बोलून घेतले होते. पाणी दे वं. मले बरं वाटून राहिलं. काहून वं, जेवली का? आणि शेवटी, तिने सांगितले नव्हते तरी, खुर्चीतून अर्धे उठत, एसटीच्या दारात उभे असल्यासारखे : चला, कामठी, कन्हान, पारशिवनीवाले! महादेवराव कंडक्टर. त्या आवाजाने स्टँडवरची झोपलेली कुत्री उठायची. मग डॉक्टरांनी गळ्यातली आवाजाची पेटीच काढून घेतली. तिच्या जागी एक भोक, भोकावर पांढरे फडके. एवढाच आवाज उरला आहे जगात. एवढाच, आणि तो या डब्बीत.

त्या वाक्यांची नक्कल जुन्या नोकरीच्या लॅपटॉपवर होती. तो परत करताना तिने पुसून दिला. डब्बीत आहेच की! आणि कुलूप... विजेचे मीटर बनवणाऱ्या त्या कंपनीत आतले कोणाला वाचता येऊ नये म्हणून चिपला कुलूप लावणे ही शेवटची पायरी, हाताला लागलेली सवय, आणि त्या सवयीने बाबांच्या आवाजालाही... मी लावलं. कोणी सांगितलं नव्हतं, मीच लावलं. मघाशी तपासनिसाला तिने सरळ चिपच्या आत डोकावायला सांगितले, तर पडद्यावर शांत, सभ्य अक्षरे उमटली : कुलूप काढल्यास आतील सर्व पुसले जाईल. खाली होय आणि नाही. होय आधीच निवडलेले. तिने हात असा मागे घेतला, जणू तव्याला लागला होता.

आता एकच वाट. तेव्हा चाचणीसाठी तिने एक बारीक दार उघडे ठेवले होते, तार जोडायचे दोन टाके : एक बोलण्याचा, एक ऐकण्याचा. तिथून एक शब्द पाठवला की डब्बी आतले सगळे अक्षर-अक्षर ओतणार होती. त्यासाठीची नेहमीची जोडतार आताच्या ऑफिसात, आणि आज रविवार. थांबता आले असते. पण डब्बीवरचा हिरवा दिवा सकाळपासून अडखळत लुकलुकत होता, आणि तिला वाटत होते की आपण पापणी मिटली तेवढ्यात...

"भात गार होऊन राहिला वं," आई, इंदूबाई, स्वयंपाकघरातून म्हणाली.

"दोन मिनिटं, आई."

"सकाळपासून दोनच मिनिटं चालली तुझी! तुझ्या बाबाची गाडी खटारा होती, पण हलत तरी होती."

खाटेवर बाबा हसले. हसले म्हणजे खांदे हलले, आणि फडक्यामागून हवा फुसफुसली. तिने मान वर केली नाही.

आधी जमिनीला जमीन, अर्थिंगची तार. मग तपासनिसाच्या बोलण्याच्या टाक्याला डब्बीचा बोलण्याचा, ऐकण्याच्या टाक्याला ऐकण्याचा. तिने शब्द पाठवला.

काहीच नाही.

पुन्हा पाठवला. पडद्यावर नुसती उघडझाप करणारी रेघ. कूलरची घरघर एकाएकी फार लांब गेली... गेला. गेला आवाज. स्टँडवर उभी मी, आणि गाडी दारात उभ्या बाबांना घेऊन निघूनही गेली, धूळसुद्धा खाली बसली.

आई पाण्याचा पेला घेऊन आली, बाबांच्या कानाशी वाकून काही पुटपुटली. बाबांचे ओठ हलले, आणि आई त्या ओठांकडे बघत राहिली. तोंड कानाकडे. वैभवीची नजर तारांवर आली. तोंडाला तोंड जोडले होते तिने, कानाला कान! दोघेही बोलत होते, दोघेही ऐकत बसले होते, कोणाचे कोणाला पोचावे कसे... तिने तारा आलटून-पालटून लावल्या. शब्द लिहिला. आणि तिथेच बोट अडले. आता तरी चूक माझी होती असे म्हणता येते. आता दाबले आणि तरीही काही आले नाही, तर?

ठक ठक.

बाबांनी खाटेच्या लोखंडी दांड्यावर अंगठीने दोनदा वाजवले. डबल बेल. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल.

तिने दाबले.

अक्षरे धावू लागली. आकडे, अक्षरे, आकडे, पावसाच्या सरीसारखी खाली खाली... त्यात आवाज आहे की फुटलेल्या चिपची बडबड, हे सगळे उतरल्याशिवाय कळणार नव्हते. ती बाबांकडे वळली. त्यांचे ओठ हलले.

"नाही जेवली अजून, बाबा," ती म्हणाली.

आणि मग तिच्या ध्यानात आले, डब्बीचे बटण कोणीच दाबले नव्हते.

पाठीमागे अक्षरे उतरतच होती. ती बघत नव्हती. फडक्यामागून श्वास येत होता—आत, बाहेर, मध्ये जरा अडून—आणि हा तिने इतक्या महिन्यांत कधी ऐकलाच नव्हता. खोलीत डब्बी बोलत असायची ना. सकाळपासून छातीत बसलेली भीती गेली नाही, नुसती जागा बदलून बसली. हा अडलेला श्वास... याला कुठे दोन तारा लावायच्या? ती खाटेशी सरकून बसली, आणि पुढचा येईपर्यंत स्वतःचा धरून ठेवला.