आधी एकट्यानं

लिफ्टमिस्त्री आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत, आणि याचा त्यांना थोडा गर्वही होता. एल्डरनं गर्व करू नये हे त्यांना ठाऊक होतं, पण माणूस आहे, चालायचंच. तीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या आणि त्यातली एकवीस वर्षं प्रेस्बिटेरियन चर्चच्या मंडळीत एल्डर, म्हणजे कारभार बघणारे वडील, म्हणून काढली. दोन्हीकडे खाक्या एकच: नियम म्हणजे नियम.

लिफ्टच्या कामात एकट्यानं खड्ड्यात उतरायचं नाही, वर दुसरा माणूस पाहिजेच. मंडळीचा नियम याच्या उलट. कुणाचं चुकलं, तर आधी एकट्यानं जाऊन त्याच्याशी बोलायचं. नाही ऐकलं तर एकदोघांना सोबत न्यायचं, आणि तरीही नाही ऐकलं तरच गोष्ट मंडळीपुढे आणायची. येशूनं घालून दिलेला हा क्रम मिस्त्रींनी रविवारच्या शाळेत कितीतरी मुलांकडून घोकून घेतला होता. पहिल्या बाकावर त्यांची स्वतःची लेक असायची.

ती लेक लग्नाला चार वर्षं झाल्यावर नवऱ्याचं घर सोडून निघाली. चौथ्या मजल्यावर एक खोली घेतली, दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस म्हणून लागली, आणि का सोडलं ते कुणालाच सांगितलं नाही. जावई मंडळीच्या गायकवृंदात पुढे उभा राहायचा. गळा इतका गोड, की त्याच्याविषयी वाईट विचार करायला कुणी धजेना. मग दोष द्यायला उरली ती लेकच. लोकांच्या जिभेला काय, हाड थोडंच असतं? एल्डरांच्या सभेत विषय निघाला तेव्हा सगळे अदबीनं भिंतीकडे बघत बसले. मिस्त्री म्हणाले, मी बघतो.

आता जायचं तर होतं एकट्यानंच. पण मिस्त्री घाबरले. एकटा गेलो तर पोर रडेल, ती रडली की मी विरघळेन, आणि नियम राहील बाजूला. म्हणून त्यांनी निवृत्त मास्तरांना आणि औषधांच्या दुकानवाल्यांना बरोबर घेतलं. दोघांनाही जिवावर आलं होतं. जिन्यात मास्तरांनी हळूच विचारलं, तुम्ही आधी एकदा येऊन गेलात ना? मिस्त्री खोटं बोलत नसत. त्यांनी उत्तरच दिलं नाही.

शनिवारी येतोय, एवढंच त्यांनी तीन दिवस आधी फोनवर कळवलं होतं. लेकीनं दार उघडलं. आत टेबलावर दोन कप मांडलेले होते आणि समोरासमोर दोन खुर्च्या. खोलीत होत्याच तेवढ्या. दारात कोट घातलेले तीन पुरुष बघून तिचा चेहरा उतरला. तिनं पाहुण्यांना खुर्च्या दिल्या आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली. मिस्त्रींनी जे बोलायचं ते सगळं बोलून टाकलं, लग्नाच्या शपथेपासून मंडळीच्या नावापर्यंत. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“बाबा,” ती म्हणाली, “आधी एकट्यानं यायचं असतं.”

मग तिनं टेबलावरचे दोन्ही कप उचलून ठेवले. मास्तर बुटांकडे बघत राहिले. सभेच्या वहीत नोंद झाली की दोन साक्षीदारांसमोर समजावूनही मंडळीतली ही बहीण ऐकत नाही, सबब तिला प्रभुभोजनापासून दूर ठेवावं. मिस्त्रींनीही हात वर केला.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी वाटून घेण्याच्या, रविवारी ती येणार नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. ती आली. भाकरीचं तबक घेऊन मिस्त्रीच तिच्या ओळीशी गेले. तबक हातोहात तिच्यापर्यंत आलं, आणि तिनं एकही तुकडा न घेता ते शेजारच्या म्हातारीकडे दिलं. मिस्त्री पुढच्या ओळीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी आली. मिस्त्री वर्तमानपत्र पसरून लिफ्टच्या दाराची चाकं साफ करत होते, कोपरापर्यंत ग्रीस. ती समोर बसली.

“नियमाप्रमाणे आलेय. एकटी. तुम्ही माझा अपराध केलात बाबा, आणि हे मी तुमच्याशिवाय कुणालाही सांगणार नाही.”

त्या शनिवारी ती सगळं सांगणार होती. आई गेल्यापासून सांगण्यासारखा एकच माणूस उरला होता. तीन दिवस तिनं ते मनात जुळवलं होतं, कुठून सुरुवात करायची तेसुद्धा. मास्तरांसमोर सांगण्यासारखं ते नव्हतं.

“आता सांग,” मिस्त्री म्हणाले. “आता मी एकटाच आहे.”

तिनं खरोखर प्रयत्न केला. ओठ हलले, मान खाली गेली, परत वर आली.

“नाही येत हो बाबा. त्या दिवशी येत होतं.”

मिस्त्रींना हुंदका आवरला नाही. चुकलो, एवढंच ते कसंबसं म्हणाले. अपराध्यानं ऐकलं की त्याला परत आपलं म्हणायचं, हेही त्यांनीच तिला शिकवलं होतं. तिनं त्यांना मनापासून क्षमा केली, हातचं काही राखलं नाही. मग सांगितलं की दुसऱ्या गावी काम मिळालंय, गुरुवारी निघायचंय. निघताना तिनं त्यांना मिठी मारली. तिचे कपडे खराब होऊ नयेत म्हणून मिस्त्रींनी ग्रीसचे दोन्ही हात लांब धरून ठेवले.

ती अजून दर रविवारी फोन करते, गुडघ्यांची चौकशी करते, औषध घेतलंत का विचारते. त्या घरात तिच्यावर काय गुदरलं, ते मिस्त्रींना अजून माहीत नाही. ते आता विचारतही नाहीत. त्या दुपारी हात का लांब धरले, हे मात्र ते रोज स्वतःला विचारतात.