पालथं पात्र

'आपली कंपनी पात्र ठरली आहे,' असं सरकारकडून कळलं, तेव्हा नणंदेने आणि मी हुरळून जाऊन दोन नवी टेबलं मागवली. आम्ही दोघी कार्यालयांचे कॉम्प्युटर सांभाळतो. सरकारने अशा कामासाठी सगळ्या खात्यांच्या वतीने काही कंपन्यांशी मिळून एकच करार केला होता आणि त्यात आता आम्हीही होतो. मग काय, काम आपल्या पायांनी चालत येणार असं आम्ही धरून चाललो. टेबलांवर धूळ बसली, पण फोन काही वाजला नाही.

सासूबाई ती धूळ पुसता पुसता म्हणाल्या, "पात्र म्हणजे भांडंच ना गं? ते पालथं घालून बसलात, तर वाढणारा वाढेल कशात?"

मला राग आला, कारण त्यांचं खरं होतं. दुसऱ्या दिवशी मी पाणीपुरवठा खात्यात जाऊन बसले. तिथले साहेब कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी नव्या निविदेचा मसुदा लिहीत होते.

"कशाला एवढा द्राविडी प्राणायाम?" मी म्हटलं. "करार तयार आहे. त्यातल्या कंपन्यांकडून दर मागवा आणि काम द्या."

"असं चालतं?" साहेबांना पत्ताच नव्हता. मग ते सावध झाले. "पण त्यात तुम्ही एकट्याच नसाल."

"नाही. सगळ्यांना विचारा, नियमच आहे तो."

"मग बाकीचे कुठे आहेत?"

"फोनची वाट बघत बसले असतील," मी म्हटलं आणि खुर्ची त्यांच्या टेबलाजवळ ओढली.