चुकायची शिकवणी

"शी गो टू द वेल," अन्नपूर्णा म्हणाली.

"गोज," बाबाराव मास्तर म्हणाले. "ती एकटी आहे ना? कर्ता एकटा असला का क्रियापदाले एस लावायचा. आता त्या साऱ्या बायका म्हन."

"दे गोज टू द वेल."

"आता एस काढायचा, बाई. बायका पुष्कळ झाल्या. दे गो."

"हो जी," असं म्हणून अन्नपूर्णेनं मान खाली घातली.

दारात पाय पसरून रुख्माबाई फुलवाती वळत बसल्या होत्या. अन्नपूर्णेची आई गेल्यापासून तिच्या या विधवा आत्याच घर सांभाळत होत्या, आणि तरण्या मुलीची शिकवणी म्हणून रोज दुपारी ती दारातली जागाही सांभाळत होत्या. इंग्रजीचं अक्षर त्यांना ठाऊक नव्हतं. पण सूर कळत होता.

"काऊन जी मास्तर," त्या म्हणाल्या, "दिवाळीपासून तुमी तेच ते घोकून राह्यले. ती बाई पाण्याले पोचली का नाई अजून?"

"पोचन, आत्याबाई. वेळ लागते," मास्तर म्हणाले.

वेळ मात्र फार नव्हता. वर्धा जिल्ह्यातल्या सेलूजवळच्या त्या गावात अन्नपूर्णेच्या वडिलांचा, बापूरावांचा, शब्द चालत असे. सारावसुलीची मालगुजारी कायद्यानं गेली, तरी लोक अजून त्यांच्या दारावरून जाताना चपला हातात घेत. आपल्या एकुलत्या मुलीसाठी त्यांनी नागपूरचं स्थळ काढलं होतं. मधुकरराव नावाचे सरकारी इंजिनियर. वय चाळिशीकडे झुकलेलं, पहिली बायको वारलेली, पदरी दोन मुलं. त्यांची अट एकच होती. साहेबलोकांच्या बैठकीत, क्लबात, बायकोला चार वाक्यं इंग्रजी बोलता आली पाहिजेत. होळीनंतर ते मुलगी बघायला येणार होते.

म्हणून बापूरावांनी मास्तरांना बोलावून घेतलं होतं. गावच्या मिडल स्कूलच्या कमिटीचे अध्यक्ष बापूरावच. मास्तर मॅट्रिक होते, पण ट्रेनिंग झालेलं नव्हतं; त्यामुळे बावीस वर्षं शिकवूनही त्यांची नेमणूक दर जूनला नव्यानं व्हायची. दर उन्हाळ्यात ते कमिटीच्या लोकांच्या घरी उगाच चकरा मारत आणि निघताना विषय काढायचा धीर न होऊन तसेच परत येत.

"पोरीले बोलती करा," बापूराव म्हणाले होते. "जूनमंधी तुमाले पक्कं करून टाकतो."

मास्तर मनापासून शिकवायला लागले. पण पोरगी पुढे सरकेना. शब्द तिला पाठ होते, स्पेलिंग चुकत नव्हतं. अडत होतं ते एवढ्यावरच. एकट्याचं क्रियापद ती पुष्कळांना द्यायची आणि पुष्कळांचं एकट्याला. मास्तरांनी बैल घेऊन पाहिले, मुली घेऊन पाहिल्या, आकाशातले पक्षी घेऊन पाहिले. काही उपयोग झाला नाही.

माघातल्या एका दुपारी मास्तरांचं डोकं दुखत होतं. समजावून सांगायचा त्यांना कंटाळा आला. ते नुसते कर्ते देत गेले आणि अन्नपूर्णा वाक्य पुरं करत गेली. तिचं चुकलं की दुरुस्त करायचंही त्यांनी सोडून दिलं.

"द बॉय."

"द बॉय रन."

"द बॉईज."

"द बॉईज रन्स."

मध्येच त्यांनी 'न्यूज' दिला, जो दिसायला पुष्कळ आणि असतो एक. तिनं तो पुष्कळांत टाकला. 'एव्हरीबडी' दिला. त्यावर मॅट्रिकची मुलंही घसरत. तीही घसरली. 'पीपल' दिला, तिथं उलट एस लावून मोकळी झाली.

मास्तर थांबले. डोकं दुखायचंही थांबलं.

त्यांचा जन्म चुका ऐकण्यात गेला होता. कच्चा पोरगा अंदाजानं बोलतो, आणि अंदाज कधी ना कधी बरोबर निघतो. या पोरीचा एकदाही निघाला नव्हता. इतक्या दिवसांत एकदाही नाही. सगळं चुकवायचं तर आधी सगळं यावं लागतं.

त्यांनी दाराकडे पाहिलं. रुख्माबाईंचा अंगठा तळहातावर फिरत होता. मास्तरांनी धड्याच्याच सुरात विचारलं, "यू नो एव्हरीथिंग. व्हाय डू यू डू धिस?"

अन्नपूर्णेनं मान वर केली नाही. तीही पाठांतराच्या सुरातच बोलली, सावकाश, एकेक वाक्य तोडत.

"माय फादर वॉन्ट्स धिस मॅरेज. आय डू नॉट वॉन्ट इट. हिज चिल्ड्रन नीड अ मदर. ही नीड्स अ लेडी फॉर द क्लब. नोबडी आस्क्स मी." मग जरा थांबून, "आय वॉन्ट टू पास मॅट्रिक. माय आन्ट सिट्स हिअर. प्लीज टीच, सर."

एकही एस इकडचा तिकडे झाला नाही. बावीस वर्षं मास्तर ही भाषा शिकवत होते. त्या भाषेत त्यांना आज पहिल्यांदाच कोणी काही सांगितलं होतं.

"आज बरी बोलून राह्यली," रुख्माबाई म्हणाल्या.

"हो जी," मास्तर म्हणाले. "आज बरी."

हळूहळू त्यांना बाकीचं कळलं, तेही असंच, धड्यातून. आठवीपर्यंत ती वर्ध्याला मामाकडे शिकली होती. इंग्रजीत पहिली यायची. तिच्या प्रगतिपुस्तकावर मामा सही करायचा, बापानं ते कधी पाहिलंच नव्हतं. आई गेली आणि तिला घरी आणलं. बरोबरीची पंचफुला मॅट्रिक होऊन वर्ध्याच्या मुलींच्या शाळेत लागली होती. इंजिनियरांनी नकार दिला, तर घरून परीक्षेला बसू द्या म्हणून बापाच्या पाया पडायचं, असा तिचा बेत होता.

मास्तरांनी घरी बायकोपुढे, सीताबाईंपुढे, विषय काढला. त्या सुपात तूर पाखडत होत्या.

"पोरीच्या मनात नसन तं कसं करावं?" मास्तर म्हणाले.

"कोनाच्या पोरीच्या?"

"बापूरावच्या."

"त्यायची पोरगी, त्यायचं घर. तुमी कायले मंधात पडता?" सीताबाईंनी सूप झटकलं. "आपल्या जयवंताले विचारलं होतं का तुमी?"

विषय संपवायला म्हणून त्या बोलल्या होत्या. पण रात्री मास्तरांचं जेवणाकडे लक्ष लागलं नाही. जयवंता त्यांची लेक; पंधराची असताना त्यांनी ती पुलगावच्या गिरणीतल्या माणसाला देऊन टाकली होती. ती वर्षातून एकदा यायची, आणि आली की आईजवळ चुलीपाशीच बसून राहायची.

दुसऱ्या दिवशी मास्तर शिकवणीला बसले आणि त्यांनी चुकायचं शिकवायला सुरुवात केली.

साऱ्या चुका करू नकोस, असं त्यांनी इंग्रजीतून सांगितलं. इंजिनियर शिकलेला माणूस आहे, त्याच्या ध्यानात येईल. कच्ची मुलं कशी चुकतात ते मास्तरांइतकं कोणाला ठाऊक असणार? सुरुवातीचं वाक्य बरोबर येतं, कारण ते पाठ असतं. मग कर्ता आणि क्रियापद यांच्यात चार शब्द आले की वाट हरवते. मग घाबरून जिथं तिथं एस लागतो. कोणी हसलं की आवाज बसतो. अन्नपूर्णेनं सारं नीट ऐकलं आणि करून दाखवलं. ती फार लवकर शिकली. एकदा तर तिची चूक इतकी खरी आली की मास्तरांनी सवयीनं ती दुरुस्त केली, आणि तिला हसू आलं. त्या घरात तिला हसताना मास्तरांनी तेवढंच पाहिलं.

होळी झाली. मधुकरराव आपल्या थोरल्या बहिणीला घेऊन आले. माणूस वाईट नव्हता. उंच, थकलेला, हलक्या आवाजात बोलणारा. पोहे झाले, चहा झाला. मास्तरांना बापूरावांनी मुद्दाम कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं होतं.

मधुकररावांनी सकाळी काय करतेस, असं इंग्रजीत विचारलं. पहिलं वाक्य तिनं बरोबर म्हटलं. दुसऱ्यात अडखळली. वडील काय करतात, या प्रश्नावर तिनं बाप पुष्कळ केले आणि बैल एक केला. बहीण पदराआड हसली, तसा अन्नपूर्णेचा आवाज बसला. जसं शिकवलं होतं तसंच सारं झालं.

मधुकररावांनी पुढे विचारलं नाही. ते बापूरावांकडे वळले. "मुलगी हुशार वाटते. घाबरली आहे, इतकंच. नागपूरला आमच्या ओळखीच्या एक बाई आहेत, घरी येऊन शिकवतात. सहा महिन्यांत तयार होईल." मग त्यांनी मास्तरांना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

बापूरावांच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू आलं. मास्तरांना वाटलं, आता 'हो' म्हटलं की सगळ्यांचं भलं होतं. जूनची चिंता मिटते. सीताबाईंचा जीव थंड होतो. अन्नपूर्णा खाली सतरंजीकडे बघत होती.

मास्तर उठून उभे राहिले.

"साहेब, खोटं कायले बोलू? मी बावीस वर्षं शिकवून राह्यलो. काही डोकं असे असतात का त्यायच्यात हे बसतच नाई. हिच्या डोक्यात नाई बसत. सहा महिने नाई, सहा वर्षं शिकवा."

रुख्माबाई आतून बघत होत्या. मुलीबद्दल असं भर बैठकीत बोललेलं त्या घरानं कधी ऐकलं नव्हतं. मधुकररावांनी घड्याळाकडे पाहिलं आणि "कळवतो" म्हणाले.

अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला मधुकररावांचं लग्न अमरावतीकडे ठरल्याचं कळलं. बापूरावांनी मास्तरांना बोलावलं, पण बसा म्हटलं नाही.

"तुमाले कोनी इचारलं होतं तिच्या डोक्याचं?"

"साहेबांनी इचारलं जी."

"जूनपासून शाळेत येजा नोका. ट्रेनिंगवाला मानूस भेटला आमाले."

हे मास्तरांना अपेक्षित होतं. त्याची तयारी करूनच ते आले होते. त्यांना बोलायचं होतं ते दुसरंच.

"माहं जाऊ द्या, बापूराव. पोरीले मॅट्रिकले बसवा. घरूनच बसन ते."

बापूराव हसले. रागात नव्हे; खरंच त्यांना नवल वाटलं. "मॅट्रिकले? जिले एकाचं अन् पुष्कळायचं समजत नाई, ते मॅट्रिक होईन? तुमीच म्हनले ना चार लोकायसमोर, तिच्या डोक्यात बसत नाई म्हून? आता ते पुस्तकं झाले बंद. हिंगनघाटकडचं एक घर आहे, शेतीवाडीचं. तिथं कोनी इंग्रजी बोलत नाई."

मास्तरांनी तोंड उघडलं. एका वाक्याचं काम होतं. पोरीला सारं येतं, तुमच्याहून, माझ्याहून चांगलं येतं. पण ते वाक्य बोललं की दिवाळीपासूनची लबाडी उघडी पडणार, आणि ती निस्तरायला घरात अन्नपूर्णाच राहणार होती. आतल्या दारात ती उभी होती. बापाच्या पाठीमागून तिनं मास्तरांकडे पाहिलं आणि किंचित मान हलवली. नको.

मास्तर "येतो जी" म्हणाले आणि बाहेर पडले. पायरीवर त्यांना पहिल्यांदा नीट उमगलं. आपण पोरीला एका दारातून सोडवताना दुसरं दार आपल्याच हातानं लावलं, आणि बाहेरून लावलं.

पुढे मास्तर तालुक्याच्या जनपद सभेच्या एका प्राथमिक शाळेत लागले. लांबचं खेडं, चौथीपर्यंतची शाळा. तिथं इंग्रजी नव्हतंच. पाढे, कविता, टकळीवरचं सूत. सीताबाई वर्षभर नीट बोलल्या नाहीत. मग बोलायला लागल्या. एका उन्हाळ्यात मास्तर स्वतः पुलगावला जाऊन जयवंताला घेऊन आले. या खेपेला ती जास्त दिवस राहिली.

काही वर्षांनी चतुर्थीला ते केळझरच्या गणपतीला चालले होते. मागून येणारी एक बैलांची खासर शेजारी येऊन थांबली. गाडीतून डोईवर पदर घेतलेली एक बाई उतरली आणि भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, मास्तरांच्या पाया पडली. हात कामानं राठ झाले होते. ती उठल्यावर त्यांनी तिला ओळखलं.

"बरी आहेस, बाई?"

"हो जी."

गाडीत तिची सासू वच्छलाबाई मांडीवर नातू घेऊन बसली होती. सुनेनं असं परक्या माणसासाठी उतरावं, याचं तिला नवल वाटलं.

"कोन व्हय व?"

"माहे मास्तर. इंग्रजी शिकवायचे."

"बाप्पा. तुले इंग्रजी येते? सांगतलं नाई कधी."

अन्नपूर्णेनं मास्तरांकडे पाहिलं. डोळे स्थिर होते, आवाजही.

"नाई येत," ती म्हणाली.

"तिचा दोष नाई," मास्तर घाईनं म्हणाले. "माहंच शिकवनं कमी पडलं."

"असू द्या जी," वच्छलाबाई चांगल्या मनानं म्हणाली. "आमाले कुठी लागते? कामाले हुशार आहे पोरगी."

अन्नपूर्णेनं चाकावर पाय ठेवला, वर चढली, सासूच्या मांडीवरचं पोर आपल्याकडे घेतलं आणि त्याच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून पदर ओढून धरला. गाडी निघाली. मास्तर रस्त्याच्या मधोमध तसेच उभे राहिले. मागून येणाऱ्या गाडीवाल्यानं दोनदा हाळी दिली, तेव्हा ते कडेला झाले.