गेमला लावलेली तीट

अकरा जणांनी ‘पाणी वळव’ला पाचपैकी पाच स्टार दिले आणि करिष्मा धास्तावली.

गेम तिचाच होता. धाड या गावी, सासरी, अडीच वर्षांची लेक अर्पिता दुपारी झोपली की तेवढ्या तासाभरात, दोन वर्षं खपून तिनं तो एकटीनं बनवला होता. जुन्या व्हिडिओ गेमसारखं सगळं चौकोनी ठिपक्यांचं, टींटीं वाजणारं संगीत, आणि कोडं असं की विहिरीचं पाणी पाट फोडत फोडत शेवटच्या वाफ्यापर्यंत न्यायचं. अशा तीस लेव्हल. दिवाळीपर्यंत खेळणारे मिळाले नाहीत तर लॅपटॉप मिटायचा आणि बी.एड.चा फॉर्म भरायचा, हे तिनंच सगळ्यांसमोर कबूल केलं होतं.

आता स्टार तर मिळाले. पण लेकराला कुणी गोड म्हटलं की हिचा हात आधी काजळाच्या डबीकडे जाणार. अकरा कौतुकं एका जागी आणि खोट एकही नाही, हे तिला सोसेना. बी.एस्सी. झालं म्हणून नजर लागायची थोडीच थांबते? तिनं नवऱ्याला, शिवमला, एखादा वाईट अभिप्राय लिहायला सांगितलं. त्याला याच घरात जेवायचं होतं, म्हणून त्यानं अंग काढून घेतलं. मग ती सासूकडे गेली.

आशाबाई मेथी निवडत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, “तीट अशी हवेत नाई लावत, पोरी. गाल पाह्यल्याशिवाय कुठं लावू?”

गाल पाहायला म्हणून त्यांनी फोन हातात घेतला तो तीन दिवस सोडला नाही. मेथी पिवळी पडली. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं की माणसं चौकोनी काऊन आहेत. मुद्दाम जुन्या वळणाचं केलंय, असं करिष्मानं समजावलं. मग नवीन करायला बसली अन् जुनं काऊन केलं, असं त्यांनी वर विचारलं. दुसऱ्या दिवशी संगीताची पाळी आली. मोटर जळायच्या आधी असाच आवाज करते, असं मत पडलं. तिसऱ्या दिवशी पलंगावरून हाक आली.

“करिष्मा, इकडं ये. चौदाव्या लेव्हलले पाणी चढावर चढून राह्यलं.”

“गेम आहे तो, आई.”

“मंग मी तेरा लेव्हल उतार कायले शोधून राह्यली?”

करिष्मानं फोन मागून घेतला. सासूनं सांगितलं ते तिनं स्वतःच्या हातानं टाइप केलं: तेरापर्यंत बरा आहे, पुढं बनवणारीनं कधी शेतात पाणी वळवलेलं दिसत नाही, कांद्याला एवढं पाणी दिलं तर सडून जातो. दोन स्टार. त्यातला एक सून म्हणून, हेही आशाबाईंना लिहायचं होतं. ते तिनं गाळलं. नावाच्या जागी नुसतं ‘शेतकरी’ टाकलं.

संध्याकाळपर्यंत संग्रामपूरचा तिचा मावसभाऊ ज्ञानेश्वर त्या शेतकऱ्यावर तुटून पडला. ‘अप्रतिम, शब्दच नाहीत’ हा अभिप्राय त्याचाच. जळणारे लोक कुठून येतात, असं त्यानं लिहिलं. आशाबाईंनी एवढंच विचारायला लावलं की चौदाव्या लेव्हलला त्यानं पाणी कुठून काढलं. ज्ञानेश्वरचं उत्तर आलं: कोणती चौदावी?

कोण कुठवर खेळलं याची नोंद गेम बनवणाऱ्याला दिसते. इतके दिवस करिष्मानं भीतीपोटी ती उघडलीच नव्हती. अकरातले नऊ जण तिसऱ्या लेव्हलपलीकडे गेले नव्हते, दोघांनी तर गेम उघडलाही नव्हता. नजर लागायला आधी कुणी पाहायला तर हवं!

ती थोडी रडली, मग रागावली, आणि दुसऱ्या दुपारी लॅपटॉप घेऊन सासूशेजारी जाऊन बसली. आशाबाई पडद्यावर बोट ठेवून उतार दाखवायच्या, ती तसा करायची. चार दुपारी गेल्या. सुधारलेली चौदावी आशाबाईंनी पार केली, पण स्टार काही वाढवला नाही. कांद्याला पाणी अजून जास्तच होतं.

दिवाळीला आठ दिवस उरले असताना एका अनोळखी माणसाचा अभिप्राय आला. तीन स्टार. ‘चौदावी लेव्हल भयंकर आहे. चार दिवस अडकलोय. बनवणाऱ्याला दयामाया नाही.’

करिष्मानं तो दोनदा मनात वाचला, मग शिवमला मोठ्यानं वाचून दाखवला. चौदावी! म्हणजे तेरा खेळला, आणि अजून सोडला नाही. बी.एड.चं यंदा राहू दे, असं ती म्हणाली तेव्हा शिवमनं मान डोलावली.

आशाबाईंनी पदरानं चष्मा पुसला.

“सांगू नको त्याले काही,” त्या म्हणाल्या. “फक्त इचार, पहिले वरचा पाट फोडला का खालचा.”