प्रत तिसरी

"उंदीर परत येतोय," साहेबांनी जाहीर केलं आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. माझ्या टाळ्या सगळ्यांत मोठ्या होत्या.

बावीस वर्षांपूर्वी 'उंदीर' नावाची एक वेबसाइट होती. कुठलंही गाणं तिथे फुकट मिळायचं. सीडीच्या दुकानांना तिनं कुरतडून कुरतडून टाळं लावलं आणि शेवटी कोर्टानं तिलाच टाळं लावलं. आता आमच्या कंपनीनं, जी महिन्याची वर्गणी घेऊन रीतसर गाणी ऐकवते, ते नाव विकत घेतलं होतं. "बदनाम तर बदनाम, नाव लोकांना पाठ आहे ना?" साहेब म्हणाले. नावाबरोबर जुन्या फायलींनी भरलेल्या डिस्कही आल्या. त्यातलं काय परवानग्या घेऊन वाजवता येईल, हे तपासायचं काम माझ्याकडे आलं. उंदराला मांजर साक्ष, दुसरं काय.

"सुरुवात बाईंच्या अल्बमनं करायची," साहेब म्हणाले. "बाजारात यायच्या पंधरा दिवस आधी फुटला होता, आठवतं? तीच फुटलेली प्रत लावू. आणि फोडणारा सापडला तर सोन्याहून पिवळं! मुलाखत घेऊ त्याची."

"आता कुठला सापडतोय," मी म्हणालो आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली.

बाई म्हणजे त्या काळच्या नावाजलेल्या गायिका. त्यांचा तो अल्बम माझ्या मामानं ध्वनिमुद्रित केला होता. घराच्या मागच्या खोलीत भिंतींना गाद्या ठोकून त्यानं स्टुडिओ केला होता. बाई एरवी कुणाचं ऐकायच्या नाहीत, पण मामानं काचेतून नुसती मान हलवली की पुन्हा पहिल्यापासून गायच्या. शेवटचा हात फिरवण्याआधी मामानं तीन प्रती काढल्या. एक बाईंना दिली, एक स्वतःकडे ठेवली आणि तिसरी गुपचूप मला. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. "तुझे कान तिखट आहेत," तो म्हणाला होता. "कुठे खटकलं तर सांग. आणि शेवटपर्यंत ऐक. गाणं संपलं म्हणून लगेच उठायचं नाही."

'उंदीर'वर जो कुणी कुठेही न मिळणारं गाणं आणेल, त्याच्या टोपणनावापुढे एक छोटा दात उमटायचा. त्याला 'पहिला दात' म्हणायचे. माझ्या वर्गातल्या दोघांना तो मिळाला होता. मला मिळाला नव्हता. बस्, एवढंच कारण. यापेक्षा मोठं काही सापडतं का म्हणून मी बावीस वर्षं शोधतोय.

मामाची एक सवय होती. प्रत कुणासाठी आहे ते तो सुरुवातीला हळू आवाजात बोलून ठेवायचा. तेवढा तुकडा मी शहाण्यासारखा कापला आणि प्रत चढवून दिली. चौथ्या दिवशी बाई मामाच्या दारात उभ्या होत्या. आतही आल्या नाहीत. "तुमच्या खोलीतून गेलं," एवढंच म्हणाल्या. मामा म्हणाला, "माझ्या खोलीतून गेलं असेल तर जबाबदार मीच." त्यानंतर ना बाई आल्या, ना दुसरं कुणी. उरलेली कामाची वर्षं मामानं सभागृहांमध्ये माईक लावण्यात काढली. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि चोर त्या रविवारी मामाकडेच जेवायला होता. दोनदा आमटी घेतली त्यानं.

परवा दुपारी ऑफिसात ती फाइल ऐकायला घेतली. शेवटचं गाणं संपलं. मी हेडफोन काढणार तेवढ्यात फोन आला. हेडफोन एका कानावर तसाच ठेवून बोललो; फोन संपेपर्यंत फाइल चालूच होती. जवळजवळ मिनिटभर काहीच नव्हतं. मग मामाचा तरणा आवाज आला, अगदी कानाशी: "प्रत तिसरी. भाच्यासाठी. फक्त ऐकायला."

मामा नाव दोन्ही टोकांना बोलून ठेवायचा. मला एकच टोक माहीत होतं, कारण शेवटपर्यंत मी कधी ऐकलंच नव्हतं. त्याचं निर्दोषत्व घेऊन ती फाइल लाखो लोकांच्या घरी जाऊन आली होती, आणि गाणं संपलं की सगळे माझ्यासारखेच उठले होते.

"शेवटची रिकामी जागा उडवू ना?" शेजारच्या टेबलावरच्या संपादकानं विचारलं. एक बटण दाबायचा अवकाश होता. माझं तोंड 'हो' म्हणायला उघडलंसुद्धा.

"राहू दे," मी म्हणालो.

रविवारी दुपारी संमतीपत्र आणि लॅपटॉप घेऊन मामाकडे गेलो. मनात बेत पक्का होता. आपण काही बोलायचं नाही. फाइल लावायची, ती बोलेल. भित्र्या माणसाला असल्या युक्त्या बऱ्या सुचतात.

मामी स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. मामा खिडकीशी बसला होता. मी कंपनीचं सगळं सांगितलं. दोनदा सांगावं लागलं.

"बाई हो म्हणाल्या?" त्यानं विचारलं.

"हो."

"माझं काही विचारलं?"

"नाही मामा."

"बरं." त्यानं सही केली. "लाव बघू. मी तो उंदीर कधी उघडलाच नाही. चोराच्या घरी जाऊन आपलाच माल काय ऐकायचा?"

मी आवाज पूर्ण वाढवला. मामा डोळे मिटून ऐकत होता, मधेच काचेमागे बसल्यासारखी मान हलवत होता. शेवटचं गाणं संपलं. तो उठला नाही. मीही उठलो नाही. ती मिनिटभराची शांतता सरली आणि खोलीत त्याचाच आवाज आला. प्रत तिसरी. भाच्यासाठी. फक्त ऐकायला.

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्यावर काहीच हललं नाही.

"संपलं?" त्यानं डोळे उघडले. "छान वाजतंय. हळू आवाजातलं मला आता काही ऐकू येत नाही रे, पण बाईंचा वरचा स्वर पोचला."

आतली भांडी थांबली होती.

"मामा, ती प्रत मी फोडली," मी पुटपुटलो.

"काय?"

"ती प्रत मी दिली होती उंदराला."

"अरे, मोठ्यानं बोल की! तोंडात काय धरलंयस?"

मग मी ओरडलो. "मी चोरी केली, मामा! तू नाही, मी! तू मला दिलेली प्रत मी फोडली!" समोरच्या घराच्या खिडकीत कुणीतरी डोकावलं. बावीस वर्षं ज्या गोष्टीचा मनातल्या मनातसुद्धा आवाज होऊ दिला नव्हता, ती मी सगळ्या गल्लीला ऐकवत होतो.

मामानं संमतीपत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. चिडला असता तर मला सुटल्यासारखं वाटलं असतं. त्याचे डोळे भरून आले, आणि मग त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट केलं. तिथे मामी ओल्या हातांनी उभी होती.

"मला नको सांगूस," तो म्हणाला. "हिला सांग. ही पहिल्याच दिवशी म्हणाली होती, भाच्याला विचारा. मी हिच्या अंगावर धावून गेलो. म्हटलं, माझ्या बहिणीच्या पोराला चोर म्हणशील तर माझ्या स्टुडिओच्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही. आणि नाही ठेवलं तिनं. आजवर नाही ठेवलं."

मी उठलो. मामीसमोर जाऊन उभा राहिलो. घसा बसला होता, तरी त्याच चढ्या आवाजात सुरुवात केली, "मामी, ती प्रत मी..."

"हळू बोल," मामी म्हणाली. "मला ऐकू येतं."